फाईलवर ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ असा लाल शेरा दिसला की पुढं काय करायचं

फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने मोठ्या अक्षरात ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ लिहिलेलं असतं, खाली दोन रेघा मारलेल्या आणि बाकी काहीच नाही. कधी झालं, काय झालं, कुणी लिहिलं, पत्ता नाही. आणि एकदा हा शेरा लागला की पेशंट ज्या ज्या दवाखान्यात जाईल तिथं तो शेरापण सोबत जातो. मी मेडिसिनला आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी, दीडशे बेडचं हॉस्पिटल, आणि हे शेरे तपासणं मी आता राऊंडचाच भाग करून टाकलंय. आरएमओ (निवासी डॉक्टर), सिस्टर, फार्मासिस्ट मंडळींना उपयोगी पडेल म्हणून आम्ही कसं करतो ते लिहितोय. नातेवाईक वाचत असतील तर आधीच सांगतो, यातलं काहीही घरी करून बघायचं नाही, हे हॉस्पिटलात डॉक्टर समोर असताना करायचं काम आहे.

आधी कशासाठी एवढा खटाटोप ते. अमेरिकेत साधारण दहा टक्के लोकांच्या रेकॉर्डवर पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली असते, आणि अशा लोकांची नीट तपासणी केली तर दहातल्या नऊ जणांना किंवा त्याहून जास्त जणांना ती नसते. काहींना मुळात कधी नव्हतीच, आणि ज्यांना खरी होती त्यांचीही कालांतराने जाते, दहा वर्षांत साधारण ऐंशी टक्के लोकांची जाते. मग तो शेरा राहिला तर बिघडलं काय, असं बरेच जण म्हणतात, दुसरं अँटिबायोटिक देऊ की. बिघडतं. दुसरं म्हणजे बहुतेक वेळा जास्त महाग, जास्त ब्रॉड (गरज नसलेल्या जंतूंवरही चालणारं) आणि त्या आजारावर कमी चालणारं. ब्रिटनमधला २०१८ चा मोठा अभ्यास आहे, त्यात असा शेरा असलेल्या लोकांमध्ये एमआरएसएचं (नेहमीच्या औषधांना न जुमानणारा जंतू) प्रमाण ६९ टक्क्यांनी आणि सी डिफचं (अँटिबायोटिकनंतर होणारं जुलाबाचं इन्फेक्शन) २६ टक्क्यांनी जास्त निघालं. त्याच वर्षीच्या अमेरिकेतल्या अभ्यासात ऑपरेशननंतर जखमेत इन्फेक्शन होण्याची शक्यता साधारण दीडपट दिसली, कारण सरळ होतं, त्यांना सेफाझोलिन या नेहमीच्या अँटिबायोटिकऐवजी क्लिंडामायसिन नाहीतर व्हॅन्कोमायसिन दिलं गेलं होतं.

हे सगळं मला नीट कळलं ते एका काकूंमुळे. अठ्ठावन्न वय, शुगर, पायाला जखम, थंडी वाजून ताप. ब्लड कल्चरमध्ये स्टॅफ जंतू आला, साधा, मेथिसिलिनला सेन्सिटिव्ह (नेहमीच्या औषधाला दबणारा), म्हणजे सेफाझोलिन दिलं की काम होणार. पण फाईलवर लाल शेरा, म्हणून व्हॅन्कोमायसिन चालू केलेलं आणि चौथ्या दिवशी क्रिएटिनिन (किडनीवरच्या ताणाची खूण) चढायला लागलं. मी स्टूल ओढून बसलो आणि विचारलं, काकू, नेमकं काय झालं होतं तेव्हा? त्यांनी उशाखालच्या पिशवीतून छोटी डायरी काढली, तिच्यात प्लास्टिकच्या पाकिटात घडी घालून ठेवलेली चिठ्ठी, ‘पेनिसिलिन देऊ नये’, तीस वर्षांपूर्वीची, घडीवर शाई उडालेली. म्हणाल्या, दुसऱ्या बाळंतपणानंतर इंजेक्शन दिलं आन् डोळ्यापुढं अंधारी आली, बसल्या जागी कोसळले. अंगावर काही उठलं का? नाही. दम लागला, घसा आवळला, ओठ सुजले? नाही ओ, तोंडावर पाणी मारलं, च्या पाजला, उठून बसले. सलाईन, ॲडमिट वगैरे? काही नाही, चालत घरी गेले. त्या दिवशी काही खाल्लं होतं का? त्या म्हणाल्या, एकादशी होती.

पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तीस वर्षं कुणी विचारलं नव्हतं.

तर पहिलं काम हेच, विचारणं, आणि आपल्या भाषेत विचारणं. ‘तुम्हाला कशाची ॲलर्जी आहे का’ असं विचारलं की लोक काहीही सांगतात, कारण आपल्याकडे ‘सूट झालं नाही’, ‘गरम पडलं’, ‘रिअ‍ॅक्शन आली’ या सगळ्याला ॲलर्जीच म्हणतात. त्यापेक्षा असं विचारा. औषध कुठलं होतं, गोळी का इंजेक्शन, आणि कशासाठी दिलेलं? नाव आठवत नसेल तर मोबाईलवर स्ट्रिपचे फोटो दाखवा, ऑगमेंटिन, मॉक्स, टॅक्सिम-ओ, लोक रंगावरून पटकन ओळखतात. जुन्या माणसांच्या तोंडी तर पेनिसिलिन हा शब्द कुठल्याही इंजेक्शनला असतो, पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली सुरू झाली तेव्हापासून नाव घरोघरी माहीत झालेलं, त्यामुळे ‘पेनिसिलिनचं इंजेक्शन’ म्हटलं तरी ते पेनिसिलिनच होतं असं धरून चालू नका. सोबत अजून काय काय घेतलं होतं हेही विचारा, कारण अँटिबायोटिकबरोबर दुखण्याची गोळी असतेच आणि पुष्कळ वेळा चोर ती निघते, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, आणि नाव मात्र अँटिबायोटिकचं लागतं.

मग काय झालं ते. पित्त उठलं म्हणजे नक्की काय, गांधी उठल्या आणि खाजत होत्या, का बारीक लाल पुरळ होतं? गांधी दोन-चार तासांत जागा बदलतात आणि डाग न ठेवता जातात, पुरळ चार-पाच दिवस तसंच राहतं. औषध घेतल्यावर किती वेळाने, तासाभरात का सातव्या दिवशी? तोंडात फोड आले का, डोळे लाल झाले का, कातडी सोलली का, लघवी कमी झाली का, कावीळ झाली का? हे प्रश्न चुकवायचेच नाहीत, ते पुढं का ते सांगतो. ॲडमिट केलं होतं का, एव्हिल-एफकॉर्लिन (ॲलर्जीची इंजेक्शनं) दिलं का, का आपोआप बसलं? साल कुठलं, आठवत नसेल तर ‘थोरल्याच्या लग्नाआधी का नंतर’ असं विचारलं की बरोबर निघतं. आणि सगळ्यात कामाचा प्रश्न, त्यानंतर कधी ऑगमेंटिन किंवा अमॉक्सिसिलिन (दोन्ही पेनिसिलिन गटातली) खाल्लं का? दाढ काढली होती का, तेव्हा डेंटिस्टने काय दिलं? घरातल्या जुन्या औषधांची पिशवी, मेडिकलची बिलं, जुनी डिस्चार्ज कार्डं मागवा. मुलगा किंवा सून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात आणि अर्धं काम तिथंच होतं.

आता या माहितीचं करायचं काय. नुसत्या हिस्टरीवर शेरा काढता येतो असे पेशंट भरपूर असतात. मळमळ झाली, जुलाब लागले, तोंड कडू झालं, डोकं दुखलं, अंगावरून पांढरं गेलं, हे साइड इफेक्ट आहेत. ‘वडिलांना होती म्हणून मलापण देऊ नका’ हे तर कारणच नाही, ती वडिलांकडून येत नाही. आणि रिअ‍ॅक्शननंतर तेच औषध नीट पचलंय याचा कागद हातात असेल तर विषय संपला. पण ‘तेच औषध’ हे बघा, ऑगमेंटिनचा शेरा आणि नंतर खाल्लं ॲझिथ्रोमायसिन, तर त्याने काही सिद्ध होत नाही.

दुसऱ्या टोकाला असे लोक आहेत ज्यांच्या शेऱ्याला हात लावायचा नाही. कातडी सोलली, फोड आले, तोंड-डोळे-गुप्तांगाला जखमा झाल्या, म्हणजे स्टीव्हन्स-जॉन्सनसारखं काही. किंवा ताप, चेहऱ्यावर सूज, गाठी आणि लिव्हर बिघडलं, म्हणजे ड्रेस नावाची औषधाची गंभीर ॲलर्जी. किंवा औषधाने किडनीला सूज, रक्तातल्या लाल पेशी फुटणं, लिव्हर खराब होणं. इथं तोंडाने डोस देऊन बघणं नाही, स्किन टेस्ट नाही, वीस वर्षं झाली म्हणून नाही, कधीच नाही. उलट शेरा अजून ठळक आणि सविस्तर लिहा. आपण चुकीचे शेरे काढतो त्याचा एक फायदा हाच की उरलेल्या खऱ्या शेऱ्यांकडे लोक गांभीर्याने बघायला लागतात.

मधल्यांसाठी पेन-फास्ट नावाचा सोपा स्कोअर आहे, ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २०२० साली काढलेला. रिअ‍ॅक्शन पाच वर्षांच्या आतली असेल किंवा कधीची ते माहीत नसेल तर दोन मार्क. ॲनाफिलॅक्सिस (अचानक येणारी, जीवावर बेतणारी ॲलर्जी), ओठ-चेहरा सुजणं किंवा वरचा गंभीर कातडीचा प्रकार असेल तर दोन. रिअ‍ॅक्शनसाठी उपचार लागले किंवा लागले का ते माहीत नसेल तर एक. शून्य आलं तर खरी ॲलर्जी असण्याची शक्यता एक टक्क्याच्या आत, एक-दोनला साधारण पाच टक्के, तीनला वीस, चार-पाचला पन्नास. तीनच्या खाली असेल तर लो रिस्क. पण एक पक्कं डोक्यात ठेवा, कातडी सोलण्याचा प्रकार जुना असेल आणि उपचार लागले नसतील तर स्कोअर दोनच भरतो आणि कागदावर लो रिस्क दिसतो, म्हणून वरचे ते प्रश्न आधी आणि स्कोअर नंतर. जुन्या ॲनाफिलॅक्सिसचंही तसंच, आकडा काहीही येवो, मी तो पेशंट ॲलर्जीवाल्यांकडेच पाठवतो. आणि हा स्कोअर फक्त पेनिसिलिनसाठी आहे, सल्फाला, सिप्रोला लावू नका.

काकूंचा स्कोअर शून्य. नुसती चक्कर असेल तर मात्र जरा थांबून विचार करायचा, कारण ॲनाफिलॅक्सिसमध्येपण माणूस कोसळतो. फरक असा की भीतीने किंवा उपाशीपोटी चक्कर आली तर माणूस पांढरा पडतो, नाडी मंद होते आणि आडवं केलं की दोन-चार मिनिटांत ठीक होतो, ॲनाफिलॅक्सिसमध्ये नाडी पळते, बहुतेकांच्या अंगावर काहीतरी उठतं, श्वास अडकतो आणि चहा पाजून ते बसत नाही.

लो रिस्क असेल तर पुढची पायरी, समोर बसवून तोंडाने एक डोस. २०२३ साली पॅलेस नावाची ट्रायल छापून आली, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियातल्या सेंटरवर ३८२ मोठ्या माणसांवर, आधी स्किन टेस्ट करून मग डोस आणि थेट डोस अशी तुलना, दोन्हीकडे रिअ‍ॅक्शन आली ती एकेकालाच, अर्धा टक्का. म्हणजे स्किन टेस्टचं साहित्य नसलेल्या आमच्यासारख्या हॉस्पिटलातही हे करता येतं.

आम्ही असं करतो. पेशंट स्टेबल पाहिजे, बीपीला औषधाचा आधार चालू असेल, दमा उसळलेला असेल, ताप चढलेला असेल तर आज नाही. गरोदर बाई असेल तर ॲलर्जीवाल्यांचा आणि गायनॅकचा सल्ला घेतल्याशिवाय नाही. बीटा ब्लॉकर (बीपी-हृदयाची गोळी) चालू असेल तर सीनियरला विचारून, कारण रिअ‍ॅक्शन आलीच तर ॲड्रिनॅलिन नीट काम करत नाही. सर्दीची गोळी, सेट्रिझिन, एव्हिल गेल्या तीन-चार दिवसांत घेतलं असेल तर पुढं ढकला, नाहीतर रिअ‍ॅक्शन दबून जाईल आणि आपण खोटंच ठीक म्हणून लिहू. सकाळची वेळ धरा, नाश्ता झाल्यावर, स्टाफ भरपूर असताना, रात्री आठला नाही. पेशंटला आणि घरच्यांना समजावून लेखी संमती घ्या. बेडपाशी ॲड्रिनॅलिन काढून ठेवा, मोठ्या माणसाला अर्धा मिली, मिलीला एक मिलीग्रॅमवालं, मांडीत स्नायूत द्यायचं, आणि कुणी द्यायचं हे आधी ठरवा. रिअ‍ॅक्शन आली तर पहिलं औषध ॲड्रिनॅलिन, एव्हिल-एफकॉर्लिन त्याच्या मागून, हे सिस्टरांशी आधीच बोलून घ्या, कारण सवयीने हात एव्हिलकडे जातो. मग नाडी, बीपी, सॅच्युरेशन लिहून अमॉक्सिसिलिन २५० मिलीग्रॅम, पाण्याबरोबर एक कॅप्सूल, आणि घड्याळ लावा. अर्ध्या तासाने बघा, तासाने बघा, अंगावरची चादर काढून पोट-पाठ बघा, घसा खवखवतोय का विचारा. घाबरून ‘काहीतरी होतंय’ म्हणणारे पुष्कळ असतात, तीस वर्षं ज्याला घाबरत आलो ते औषध गिळायचं म्हणजे सोपं नाही, तेव्हा त्या तासात कुणीतरी शेजारी बसून गप्पा मारल्या पाहिजेत. काकूंच्या शेजारी आमची इंटर्न बसली होती, तास संपला तेव्हा काकू तिला पुरणपोळीचं प्रमाण सांगत होत्या. पाच दिवसांनी फोन करायचा, उशिरा येणारं पुरळ तेव्हा कळतं, आणि घरी जाताना सांगून ठेवायचं की अंगावर काही उठलं तर फोटो काढून पाठवा.

इथं त्या ‘टेस्ट डोस’बद्दल बोललंच पाहिजे, कारण आपल्याकडचे निम्मे शेरे मला वाटतं तिथूनच येतात. वॉर्डात सेफट्रायाक्सोनच्या (सेफॅलोस्पोरिन गटातलं अँटिबायोटिक) प्रत्येक इंजेक्शनआधी हातावर कातडीत थोडंसं टोचायचं, बॉलपेनने गोल करायचा, पंधरा-वीस मिनिटांनी लाल दिसलं की ‘सेन्सिटिव्ह’ लिहायचं. आता बघा, एक ग्रॅमची बाटली दहा मिलीत विरघळवली की मिलीला शंभर मिलीग्रॅम होतं, आणि सेफट्रायाक्सोनच्या स्किन टेस्टसाठी जास्तीत जास्त चालतं मिलीला वीस. एवढं घट्ट टोचल्यावर चांगल्या माणसाची कातडीसुद्धा चुरचुरते, लाल होते. शेजारी नुसत्या सलाईनचा टोचा नसतो, फुगवटा स्केलने मोजलेला नसतो, सलाईनपेक्षा तीन मिलीमीटर जास्त आला तरच पॉझिटिव्ह हा नियम कुणाला माहीत नसतो. आणि निगेटिव्ह आली तरी खात्री नाहीच. ज्याला कधी काही झालेलंच नाही त्याला अशी टेस्ट करून हाती काही लागत नाही, चीनमध्ये तर हे आपल्याहून जास्त चालायचं, तिथंही २०२१ साली सेफॅलोस्पोरिनच्या रूटीन स्किन टेस्ट नकोत अशी सरकारी सूचना निघाली. सिस्टरांवर याचा दोष टाकू नका, त्यांना जे शिकवलं तेच त्या करतात आणि काही झालं तर पहिली ओरड त्यांनाच बसते. ड्रग कमिटीत विषय मांडा, लेखी धोरण करून घ्या. तोपर्यंत फाईलवर ‘टेस्ट डोसला लाल’ एवढंच कारण असेल तर तो शेरा संशयित समजून पुन्हा पहिल्यापासून विचारा.

पेनिसिलिनचा शेरा आहे म्हणून सेफॅलोस्पोरिन (सेफाझोलिन, सेफट्रायाक्सोन ज्या गटातली) नको, हेही जुनं झालं. दहा टक्के क्रॉस-रिअ‍ॅक्शन असं आम्ही कॉलेजात पाठ केलं होतं, तो आकडा आता दोन टक्क्यांच्या आसपास किंवा खाली धरतात. बघायची ती साइड चेन (औषधाच्या रेणूची बाजूची साखळी), अमॉक्सिसिलिन आणि ॲम्पिसिलिनशी सेफॅलेक्सिन, सेफॅड्रॉक्सिल, सेफॅक्लोर यांची जुळते, तिथं सांभाळून. सेफाझोलिनची कुणाशीच जुळत नाही, म्हणून ऑपरेशनच्या आधी ते बहुतेकांना देता येतं, फक्त ते कातडी सोलणारे आणि लिव्हर-किडनीवाले गंभीर प्रकार सोडून. काकूंना मी त्याच दिवशी सेफाझोलिन चालू केलं, अमॉक्सिसिलिनचा डोस डिस्चार्जच्या आधी दिला. मेरोपेनेम या दुसऱ्या अँटिबायोटिकला तर असा धोका एक टक्काही नाही.

बाकीच्या औषधांचे चुकीचे शेरे पटापट सांगतो. व्हॅन्कोमायसिन घाईत सोडलं की मान-चेहरा लाल होतो, खाज सुटते, ती ॲलर्जी नाही, एक ग्रॅमला किमान तास द्या, तरी झालं तर अजून हळू. ‘सल्फा’ आणि ‘सल्फर’ वेगळं, सेप्ट्रान या सल्फाच्या गोळीने पुरळ आलं म्हणून गंधक किंवा सल्फेट असलेली औषधं बंद करायची गरज नाही. मेट्रोनिडाझोलने तोंडाला धातूची चव येते, डॉक्सी पाणी न पिता घेतली तर छातीत जळजळ होते, हे साइड इफेक्ट. पण जुलाबासाठी ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी घेतली की दरवेळी ओठावर नाहीतर त्याच जागी काळा डाग उठतो, ही खरी ॲलर्जी आहे, तिथं दोन्ही घटकांची नावं आणि डागाची जागा लिहा.

पेनिड्युअर म्हणजे लांब टिकणारं पेनिसिलिनचं इंजेक्शन घेणाऱ्या मुलांसाठी मात्र हात जोडून विनंती आहे. रुमॅटिक तापाने हृदयाची झडप खराब झालेली मुलं, दर एकवीस दिवसांनी बारा लाख युनिट कंबरेत, वर्षानुवर्षं. सुई जाडी, दुखतं भयंकर, मूल घाबरलेलं, उपाशी आणलेलं, चक्कर येते आणि कुणीतरी ॲलर्जी लिहून इंजेक्शन बंद करतं. झडप आधीच खराब, त्यात पुन्हा तोच रुमॅटिक ताप आला की अजून खराब. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ साली सांगितलंय की झडपा फार खराब असलेल्यांमध्ये इंजेक्शननंतर जे दगावले त्यातल्या बऱ्याच घटना ॲनाफिलॅक्सिसच्या नसून हृदयावर ताण येऊन घडल्यासारख्या दिसतात. म्हणून खाऊ घालून आणा, पाणी पाजा, झोपवून द्या, नंतर लगेच उठवू नका, आणि शेरा लिहिण्याआधी नाडी मोजून लिहा. झडप खूपच खराब असेल तर गोळ्यांवर ठेवायचं का ते कार्डिओलॉजिस्टला विचारा.

आता शेवटचं आणि सगळ्यात जास्त राहून जाणारं काम, शेरा सगळीकडून काढणं. काकूंच्या बाबतीत मी फाईलवर व्यवस्थित लिहिलं, सही केली, खूश होतो. आठ महिन्यांनी त्या गळू घेऊन सर्जरीला ॲडमिट झाल्या आणि क्लिंडामायसिन चालू. कॉम्प्युटरमध्ये जुन्या रजिस्ट्रेशन नंबरवर ॲलर्जी तशीच होती, ओपीडीच्या केसपेपरवर होती आणि डायरीतली ती चिठ्ठी त्यांनी परत पाकिटात घालून ठेवली होती. चूक माझी, मी एकाच जागी बघितलं. आता डिस्चार्जच्या दिवशी फिरून बघतो, फाईलचं पहिलं पान, ड्रग चार्ट, हातातला लाल पट्टा, कॉम्प्युटरमधले जुने-नवे दोन्ही नंबर, ऑपरेशनचा फॉर्म, हॉस्पिटल फार्मसीचं रेकॉर्ड. नुसतं खोडायचं नाही, कारण खोडलेलं दिसलं की पुढचा माणूस घाबरून परत लिहितो, शेजारी लिहायचं की कुठल्या तारखेला, कुठल्या डोसने तपासलं, काय झालं. फॅमिली डॉक्टरांना फोन करतो, आणि फोन करताना ‘तुम्ही चुकीचं लिहिलं’ असं म्हणत नाही, तेव्हा त्यांनी काळजीनेच लिहिलं होतं. खरी रिअ‍ॅक्शन निघाली तर फार्माकोव्हिजिलन्सचा (औषधांच्या दुष्परिणामांची नोंद) फॉर्म भरतो, हेल्पलाइन १८००-१८०-३०२४.

पेशंटच्या हातात मराठीत चिठ्ठी देतो, जुनी परत घेतो. मजकूर साधारण असा: ‘यांना पूर्वी पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचं लिहिलेलं होतं. अमुक तारखेला डॉक्टरांच्या देखरेखीखाली अमॉक्सिसिलिन २५० मिलीग्रॅम दिलं, एक तास आणि नंतर पाच दिवस काहीही त्रास झाला नाही. पेनिसिलिन गटातली औषधं इतरांप्रमाणे देता येतील.’ खाली नाव, सही, रजिस्ट्रेशन नंबर, हॉस्पिटलचा फोन. पाच दिवसांचा फोन झाल्यावरच ही चिठ्ठी द्यायची, ड्रेसिंगला येतात तेव्हा. घरातल्या एका तरुण माणसाच्या मोबाईलमध्ये तिचा फोटो काढायला लावायचा, आणि पेशंटकडून एकदा तोंडाने म्हणवून घ्यायचं. काकूंना दुसऱ्या वेळी विचारलं, आता कुणी विचारलं ॲलर्जी आहे का तर काय सांगाल? त्या म्हणाल्या, नाही म्हणून सांगायचं, आन् हे दाखवायचं, आणि नवी चिठ्ठी त्याच प्लास्टिकच्या पाकिटात सरकवली.